कौलांच्या वाघिणी : सायडिंगच्या दुसऱ्या टोकाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

शाळेच्या सभागृहात मांडायच्या आमच्या प्रकल्पाची चौकट आज पक्की केली. कौलं, विटा आणि भाजक्या मातीचा माल बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत रेल्वेच्या सायडिंग, म्हणजे मुख्य लाइनीतून फुटून आत जाणारे फाटे, का गेल्या, कशा चालल्या आणि का उखडल्या गेल्या, हा विषय. तो मांडायचा पुण्यातून. गटातल्या दोघांनी लगेच आक्षेप घेतला, की पुणे हे काही कौलांचं गाव नाही. मांडायचंच असेल तर मंगळूर घ्या, केरळातलं फेरोक घ्या.

माझं म्हणणं असं, की सायडिंगचा रूळ एका बाजूला भट्टीपाशी संपतो, पण त्या रुळावरून निघालेला माल दुसरीकडे कुठेतरी उतरतो. तिथे मालधक्का असतो, हुंडेकरी असतो, बैलगाडी असते आणि शेवटी कुणाच्या तरी घराचं छप्पर असतं. पुणे हे त्या दुसऱ्या टोकाचं गाव आहे. कारखान्यांच्या बाजूने हा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे, माल उतरला त्या बाजूने फारसा नाही. आणि पुरावा आहे तो याच बाजूला. कसबा, शनिवार, नारायण पेठेतला एखादा वाडा उतरवला जातो तेव्हा ट्रकमधून जाणारं प्रत्येक मंगलोरी कौल म्हणजे त्या मालवाहतुकीची एक पावती असते. दर महिन्याला अशा शेकडो पावत्या भरावात जात आहेत. म्हणून हे काम याच वर्षी व्हायला हवं.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तीन गोष्टी तयार करायच्या: कौलांच्या वाटांचा नकाशा, नावं उमटलेल्या कौलांचे नमुने आणि कौल कारखान्याच्या सायडिंगचं चालतं मॉडेल.

२६ जानेवारी, रविवार

पहिला प्रश्न मातीचा. पुण्याच्या आसपास माती काही कमी नाही, मग दाबयंत्राची कौलं इथेच का नाही झाली?

मुंढव्याच्या केशवनगरातल्या कुंभारवाड्यात एका जुन्या कारागिराशी बसून बोललो. घरातली चौथी पिढी आता पणत्या आणि कुंड्या करते. मी काळ्या मातीचं विचारलं, तर म्हणाले, "अहो, ती शेताची माती. ओली असताना फुगते, वाळताना फाटते. नुसती तीच घेऊन काही घडवलंत तर भट्टीत जायच्या आधीच हातात तुकडे येतील." म्हणून ते गाळ आणतात, त्यात राख आणि लीद मिसळतात, चाळतात, तुडवतात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सगळ्यात मोलाची वाटली. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. वाटाण्याएवढा खडा जरी राहिला, तरी भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. मडकं भट्टीतून चांगलं निघतं, मग पावसाळी हवेतलं पाणी पिऊन तो खडा फुगतो आणि वरची कपची उडते. पणतीला हे चालून जातं. चार महिने पाऊस झेलणाऱ्या कौलाला नाही चालत.

दख्खनच्या बेसाल्टवरची आपली जमीन अशी आहे. किनाऱ्यावर जांभ्याच्या प्रदेशातून वाहणाऱ्या नद्यांच्या मुखाशी साचलेली माती वेगळी असते. चिकट, पण काळ्या मातीसारखी फुगणारी नाही, आणि भाजल्यावर लालभडक. नेत्रावती, चालियार या नद्यांच्या काठी कौलांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले, त्याला हे पहिलं कारण.

पुण्याचं स्वतःचं कौल होतं ते नळीचं. चाकावर लांबट नळकांडं ओढायचं, ओलं असतानाच उभं चिरून दोन अर्धी करायची, भाजायची. कसब्यातला जुना कुंभारवाडा आणि कुंभारवेस नदीलगत आहेत, कारण माती, पाणी आणि गाढवांची वाट तिथेच मिळत होती. या कौलाला रेल्वे लागत नव्हती. भट्टीपासून छपरापर्यंतचं अंतर दोन-चार पेठांचं.

९ फेब्रुवारी, रविवार

जुन्या बाजारात मिळालेल्या आणि एका वाड्याच्या मालकांनी प्रेमाने दिलेल्या कौलांची मोजमापं घेतली. मंगलोरी कौल साधारण ४१० मिलिमीटर लांब आणि २३५ रुंद. कोरडं असताना वजन अडीच किलोच्या आसपास. कडांना खाचा, त्या शेजारच्या कौलात अडकतात. मागे दोन नाकं, ती रिपेवर बसतात.

या खाचांनी छपराचं सगळं गणित बदललं. नळीची कौलं एकावर एक पालथी-उताणी घालावी लागतात, त्यांच्याखाली बांबूंचा किंवा कामट्यांचा भरगच्च थर लागतो, वानरं आली की दुसऱ्या दिवशी कौलं चाळायला माणूस बोलवावा लागतो. मंगलोरी कौलाला सुमारे ३२० मिलिमीटरवर एक रीप पुरते. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं.

आता वाघिणीचा, म्हणजे मालगाडीच्या डब्याचा, हिशोब. दहा टनांची छोटी चारचाकी वाघीण धरली, तर तीत चार हजार कौलं बसतात. म्हणजे सुमारे २,६०० चौरस फुटांचं छप्पर, एका मध्यम वाड्याचं. धक्क्यावर ती वाघीण रिकामी करायला टनभर माल ओढणाऱ्या दहा बैलगाड्या लागणार. पुढच्या २२ टनांच्या वाघिणीत हेच दुपटीहून जास्त. हा आकडा मॉडेलपाशी मोठ्या अक्षरांत लावायचा, कारण मुलांना टन कळत नाही, छप्पर कळतं: एक वाघीण, एक वाडा.

या हिशोबातून माझ्या मनात दुसरी गोष्ट स्पष्ट झाली. कौल हा स्वस्त, जड आणि फुटका माल. अशा मालाला प्रत्येक उचल-ठेव महाग पडते. कारखान्यातून गाडीत, गाडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत, असं तीनदा हाताळलं तर फुटीतच नफा जातो. सायडिंग म्हणजे त्या तीनमधल्या दोन उचली वाचवण्याचा उपाय. थेट भट्टीच्या शेडपाशी वाघीण लागली, की भाजलेलं कौल एकदाच उचललं जातं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज नकाशाचं काम, आणि त्यात सगळ्यात मोठा भाग समुद्राचा निघाला.

बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळूरला जेप्पू इथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. गेऑर्ग प्लेब्स्ट हे त्यामागचं नाव. मंगळूरला रेल्वे पोचली ती १९०७ मध्ये. मधली चाळीसेक वर्षं हा उद्योग रुळाशिवाय वाढला, पसरला आणि मुंबईच्या बाजारात स्थिरावला, तो नदीच्या जोरावर. माती होडीने कारखान्याच्या घाटावर यायची, जळाऊ लाकूड पाण्यानेच यायचं आणि तयार कौलं त्याच काठावरून गलबतांत आणि फत्तेमारींत चढायची. तिथे नदीनेच सायडिंगचं काम केलं. इंग्लंडमधल्या जोसाया वेजवूड या भांडी कारखानदाराने ट्रेंट-मर्सी कालव्यासाठी, जो १७७७ साली पुरा झाला, एवढी खटपट केली ती याच कारणाने: घोड्याच्या पाठीवर चिनी भांडी फुटत होती, पाण्यावर फुटत नव्हती.

१९०७ची रेल्वे मद्रासच्या दिशेने होती. मंगळूरहून उत्तरेला किनाऱ्याने मुंबईकडे येणारा रूळ पडायला १९९८ साल आणि कोकण रेल्वे उजाडावी लागली. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचं मंगलोरी कौल दीर्घकाळ समुद्रानेच आलं.

यातून एक अडचण तयार होते, ती मला फार महत्त्वाची वाटते. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, ती वैशाखात, मृगाच्या आत. नवं घर झाकायचं तेही तेव्हाच. म्हणजे मागणी एप्रिल-मेमध्ये कडेलोटाला येते. आणि शिडाची जहाजं जूनच्या तोंडावर किनाऱ्याला ओढली जातात, ती नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात. मागणीचा कळस आणि बंदरांचं बंद होणं एकमेकांना खेटून. मग दिवाळीनंतर येणारा माल वखारींत साठवून ठेवण्याला पर्याय नाही, आणि वखार मालधक्क्याजवळ असण्यालाही. पुण्यात जड मालाचे व्यापारी स्टेशनाच्या आसपास का जमले, हे समजून घ्यायचं तर नकाशावर रुळांइतकंच पंचांगही काढावं लागेल. बारा महिन्यांची एक पट्टी नकाशाखाली टाकायचं ठरलं.

९ मार्च, रविवार

मुंबईच्या बंदरातून पुण्यापर्यंत. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा खंडाळा-पुणे भाग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, पण भोर घाटाचा भाग पुरा व्हायला २१ एप्रिल १८६३ उजाडलं. त्यामुळे मंगळूरचं पहिलं कौल भट्टीतून बाहेर पडलं तेव्हा घाट नुकताच रुळांनी जोडला गेला होता. हा मेळ बसला नसता, तर किनाऱ्यावरचं कौल किनाऱ्यावरच राहिलं असतं. बैलगाडीने घाट चढवून पुण्यात आणलेल्या कौलाची किंमत नळीच्या कौलापुढे टिकली नसती.

घाट मात्र सोपा नव्हता. पंधरा-सोळा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ला १, म्हणजे ३७ फुटांत एक फूट. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. ते १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे बंद झालं. मागून ढकलणारी इंजिनं, प्रत्येक थांब्याला वाघिणींचे एकमेकींवर बसणारे हिसके, आणि आत चार हजार कौलं. म्हणून कौलं वाघिणीत आडवी रचत नाहीत, उभी, एकमेकांना चिकटून, मधे भाताचा पेंढा दाबून. आडव्या थप्पीत वरचा सगळा भार खालच्या कौलावर येतो. उभ्या रचनेत प्रत्येक कौल स्वतःच्या कडेवर उभं असतं आणि धक्का ओळीच्या लांबीत वाटला जातो.

दुसरी वाट दक्षिणेची. सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) १८९०च्या आसपास पुण्यापासून मिरज, बेळगावमार्गे लोंढ्यापर्यंत पोचला, आणि लोंढ्याकडून कॅसलरॉकमार्गे मुरगावच्या बंदराला जोडला गेला. या वाटेवर बेळगावच्या खाली खानापूर आहे. तांबड्या मातीचं गाव, कौलं, विटा आणि कुंभारकामासाठी नावाजलेलं. पुढे खादी आयोगाने ग्रामीण कुंभारकामाची संस्था तिथेच काढली. खानापुरात वाघिणीत चढलेलं कौल गेज न बदलता पुण्यापर्यंत येऊ शकत होतं. पुण्याच्या पुढे मुंबईकडच्या रुंद रुळांवर, म्हणजे ब्रॉडगेजवर, जायचं झालं, तरच हमालांनी एका वाघिणीतून दुसरीत माल भरायचा.

कौलांच्या धंद्यात गेज बदलणं म्हणजे फुटीचं आणखी एक ठिकाण. मीटरगेज आणि ब्रॉडगेज जिथे भेटतात तिथे स्थानिक मालाचा पल्ला बहुतेक वेळा संपतो. पुणे तसं ठिकाण होतं. नकाशावर पुण्याभोवती दोन रंग भेटताना दिसतील.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सणाचा दिवस असूनही काकांनी वेळ दिला. ते मालधक्क्यावर गुड्स क्लार्क होते. नोकरी लागली तेव्हा मीटरगेज चालू होता. त्यांनी सांगितलेलं जवळजवळ जसंच्या तसं इथे उतरवतो, कारण पुस्तकांत हे या भाषेत सापडत नाही.

"खासगी सायडिंग म्हणजे करार. जमीन आणि भराव पार्टीचा. रूळ कुणाच्या पैशाने, दुरुस्ती कुणी करायची, हे करारात. सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, मात्र रेल्वेचा, कारण तो आमच्या लाइनीवर बसतो. सांधेवाला आमचा, किल्ली आमची."

मी विचारलं, वाघीण आत कशी जायची? "इंजिनाने ढकलून आत सोडायची आणि इंजिन निघून जायचं. वेळ कुठे असतो त्याला. मग आतली हलवाहलव पार्टीची. पहार घ्यायची, चाकाखाली घालायची, चार जण खांदा लावायचे. कुठे कुठे बैल जुंपायचे वाघिणीला."

वेळेचा हिशोब त्यांनी तीनदा बजावला. वाघीण ठेवली की घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत भरली किंवा रिकामी केली नाही, तर डेमरेज, म्हणजे वाघीण अडवल्याचा दंड. कौलवाल्याला हे सगळ्यात जाचायचं. सिमेंटची गोणी फेकता येते, कौल हातानेच घ्यावं लागतं. घाई केली तर फूट, सावकाश केलं तर डेमरेज.

आणि जोखीम. फुटका माल दोन दरांनी घेतला जायचा. रेल्वेच्या जोखमीवर पाठवला तर भाडं जास्त, मालकाच्या जोखमीवर पाठवला तर कमी. कौलवाले बहुतेक मालकाच्या जोखमीवर पाठवायचे, असं काकांचं सांगणं. "किती फुटणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, तेवढी कौलं जास्तीची भरायचे. आमच्यावर दावा लावण्यापेक्षा ते स्वस्त."

सायडिंगच्या उताराबद्दलही बोलले. सुटी वाघीण वाऱ्याने किंवा धक्क्याने मुख्य लाइनीकडे घरंगळली तर अनर्थ. म्हणून सायडिंगचा उतार मुख्य लाइनीकडे ठेवायचा नाही आणि तोंडाशी ट्रॅप पॉइंट बसवायचा. वाघीण निसटलीच तर तिथे मुद्दाम रुळाखाली उतरते, पण पुढे येत नाही. मॉडेलमध्ये हा ट्रॅप पॉइंट दाखवायचाच. सायडिंगचं सगळं शहाणपण त्या छोट्याशा सांध्यात आहे.

निघताना काका म्हणाले, "हे लिहून ठेव रे बाबा. आम्ही गेलो की डेमरेज कुणाला कळणार नाही."

१३ एप्रिल, रविवार

मातीसाठी रूळ टाकण्याची कल्पना आगगाडीच्या इंजिनापेक्षा जुनी आहे, हे दाखवायला एक विलायती फलक करतो आहोत. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात बेंजामिन फेल यांचा मिडलबेअर प्लेटवे, म्हणजे घोड्यांच्या गाड्यांसाठी लोखंडी पट्ट्यांचा मार्ग, १८०६च्या सुमारास सुरू झाला. खाणीतली पांढरी चिकणमाती घोड्यांनी ओढलेल्या गाड्यांतून पूल (Poole) या बंदराच्या खाडीपर्यंत. तिथून जहाजाने. उत्तर डेव्हनमध्ये मार्लंडच्या खाणींसाठी १८८० साली तीन फूट गेजची टॉरिंग्टन-मार्लंड रेल्वे झाली. तिच्या मोठ्या भागावर १९२५ मध्ये रुंद रूळ आले आणि मातीच्या वाघिणी तिथून १९८२पर्यंत निघत राहिल्या.

तिथे मातीच प्रवासाला निघाली, आपल्याकडे तयार कौल निघालं. कारण कोळसा. चिनी भांडी भाजायला टनभर मातीमागे कित्येक टन कोळसा जळायचा, म्हणून माती स्टॅफर्डशायरच्या कोळशाकडे गेली. कौलाची माती स्वस्त, त्यात पाणी भरपूर, भट्टी कमी तापमानाची आणि लाकडावर चालणारी. ओली माती वाहून नेणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. म्हणून भट्टी मातीकडे गेली आणि तयार माल रुळावर किंवा पाण्यावर आला. बंगालात राणीगंजला बर्न कंपनीची मातीकामाची भट्टी कोळशाच्या खाणींशेजारीच बसली, ते याच तर्काचं तिसरं रूप. सायडिंगच्या नकाशात आधी विचारायचं ते हेच: माती, जळण आणि माल यांपैकी कोण हललं?

२० एप्रिल, रविवार

पुण्याच्या जवळचा एक जोड-फलक. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा, जीआयपीच्या मार्गावर. ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६चा, कराड स्टेशनालगत, मीटरगेजवर. प्रभाकर कंदील आणि त्याच्या चिमण्या तिथूनच घरोघरी गेल्या. हे काचेचे कारखाने, पण काच ज्या कुंडीत वितळते ती अग्निमातीची असते, आणि भट्टीला कोळसा लागतोच. आत येणारं जड, बाहेर जाणारं फुटकं. गणित कौलांसारखंच. स्टेशनापासून दूर गेले असते तर हे कारखाने चालले नसते.

२७ एप्रिल, रविवार

कौलांवरची नावं वाचण्याचा दिवस. हे काम मला सगळ्यात जास्त आवडतं.

कौलाच्या पाठीवर साच्यातूनच कारखान्याचं नाव, गाव आणि कधी वर्ष उमटलेलं असतं. इथे एक मोठा गैरसमज आहे. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ दिसलं, की वाड्याचे मालक अभिमानाने सांगतात, आमचं छप्पर १८६५चं. ते वर्ष कारखान्याच्या स्थापनेचं आहे. पुढे अनेक दशकं त्याच आकड्याने कौलं निघाली. आल्बुकर्क आणि सन्सच्या कौलांवरचं १८६८ही तसंच.

मग काळ कसा ठरवायचा? नावावरून. बासेल मिशन ही स्वित्झर्लंडमधली संस्था, पण तिच्यात जर्मन माणसं बरीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने तिचे हिंदुस्थानातले कारखाने ताब्यात घेतले आणि युद्धानंतर, १९१९-२०च्या सुमारास, ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून बासेल मिशनचं नाव असलेलं कौल युद्धाच्या आधीचं, कॉमनवेल्थचं नाव असलेलं नंतरचं. एकाच छपरावर दोन्ही असतील तर ते छप्पर मधे कधीतरी दुरुस्त झालं आहे, आणि कुठल्या बाजूने झालं तेही कळतं. पश्चिमेकडच्या उतारावर नवी कौलं जास्त सापडतात. पाऊस तिकडूनच झोडपतो.

गावाचं नाव वाट सांगतं. फेरोकच्या कारखान्यांना चालियारचं पाणी आणि रेल्वे दोन्ही हाताशी होती, कारण शेजारच्या बेपूरहून १८६१ सालीच रूळ सुरू झाला आणि तो पुढे मद्रासला जोडला गेला. त्रिचूरजवळच्या ओल्लूरला शोरनूर-एर्नाकुलम मार्ग १९०२ मध्ये आला. कौलं तीच, पण एकाच्या पाठीवर नदी आहे, दुसऱ्याच्या पाठीवर रूळ. आमच्या तक्त्यात आता प्रत्येक नमुन्यापुढे चार रकाने आहेत: नाव, गाव, काळ, आणि उताराची दिशा. मालकांचं नाव-पत्ता आम्ही लिहीत नाही, फक्त पेठ.

११ मे, रविवार

मॉडेल. प्रमाण १:८७. मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचा रूळ, तो या प्रमाणात जवळजवळ बरोबर बसतो. कुठल्याही एका स्टेशनाची नक्कल करत नाही आहोत, हे फलकावर स्पष्ट लिहिलं आहे. ही नमुन्याची सायडिंग आहे: मुख्य लाइन, सांधा, ट्रॅप पॉइंट, भट्टीची चिमणी, माती मळण्याची शेड, वाळवण्याचे मांडव आणि रूळ संपतो तिथे वाघीण अडवणारा आडवा बंधारा.

वाळवण्याच्या मांडवांनी सगळ्यात जास्त जागा खाल्ली आणि ते योग्यच आहे. दाबयंत्रातून निघालेलं कौल लगेच भाजता येत नाही. सावलीत, वारा खेळता ठेवून, फळ्यांवर दिवसेंदिवस सुकवावं लागतं, नाहीतर वाकतं. खऱ्या कारखान्यातही भट्टीपेक्षा मांडव मोठे. या प्रमाणात एक कौल पावणेपाच मिलिमीटर लांब होतं. सुटी कौलं कापणं शक्य नाही म्हणून छपरांसाठी छापील पत्रे वापरले, पण वाघिणीच्या उघड्या दारात दिसणाऱ्या कौलांची रास सुट्या तुकड्यांची, उभी रचलेली, मधे काथ्याचे धागे पेंढा म्हणून. गटातल्या मुलीने ती रास दोन संध्याकाळी बसून लावली. पाहणाऱ्यांची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

सायडिंगचा रूळ मुद्दाम हलका आणि जरा वाकडा ठेवला, स्लीपर मातीत बुडालेले. मुख्य लाइनीखाली स्वच्छ खडी. दोन रुळांच्या देखभालीतला फरक न सांगता दिसला पाहिजे.

२५ मे, रविवार

यंदा पाऊस मेमध्येच सुरू झाला. ज्या वाड्यातून नमुने घेणार होतो तिथलं छप्पर गळतंय, मालकांनी प्लास्टिक टाकलं आहे. आज काही झालं नाही.

७ जून, शनिवार

शेवटचा फलक: सायडिंग का संपल्या.

एका कारणाने नाही. घरांवर काँक्रीटचा स्लॅब आला, शेडवर सिमेंटचे पत्रे आले. ट्रक थेट कारखान्याच्या दारात लागू लागला आणि थेट घराच्या दारात रिकामा होऊ लागला, म्हणजे सायडिंगने वाचवलेल्या उचली त्याने आणखी कमी केल्या. पुणे-मिरज मीटरगेज १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुंद झाला. गेजबदलाची फूट गेली, पण तोवर माल रस्त्यावर सरकू लागला होता. आणि १९८०च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत पूर्ण गाडी एका ठिकाणाहून एका ठिकाणी नेण्याचं धोरण घेतलं. कोळसा, सिमेंट, धान्य, खनिज यांना ते सोयीचं. कौलवाल्याला नाही. चाळीसच्या आसपास बंद वाघिणींची आजची गाडी भरायची तर दहा लाखांहून जास्त कौलं लागतील. एवढी कौलं एका दिवशी कुणाला हवी असतात?

रेल्वेच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. एकेक वाघीण वेचत फिरणारं इंजिन तोट्यातच चालतं. पण त्याने एका वाड्याला पुरेल इतका माल मागवण्याची सोय संपली, आणि तिच्याबरोबर छोट्या गावांतल्या मालधक्क्यांचं कामही. हे दोन्ही फलकावर शेजारी-शेजारी लिहिलं आहे.

मांडणी शाळेच्या सभागृहात पुढच्या आठवड्यात लागेल. दाराशी एक पत्रक ठेवतो आहोत, ज्यांच्या घराचं कौलारू छप्पर उतरणार आहे त्यांच्यासाठी. कौलं ट्रकमध्ये भरण्याआधी प्रत्येक उताराची दहा-बारा उलटी करा. पाठीवर ओला कपडा फिरवा, अक्षरं उठून दिसतील. तिरप्या उन्हात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. उतार कुठल्या दिशेचा आणि पेठ कोणती, एवढंच लिहा. फोटो आणि माहिती सभागृहातल्या वहीत चिकटवा, किंवा आम्हाला कळवा, आम्ही येऊन नोंद करू. पावसाळ्यात उतरवणं थांबतं. दिवाळीनंतर पुन्हा सुरू होईल, तेव्हा आमचा तक्ता आणि वजनकाटा तयार असेल.